‘काही’ म्हणजे नेमके किती? : तर्क-अनुमानाचे प्रश्न आणि आपली मराठी



बुद्धिमत्ता चाचणीत ‘विधाने व निष्कर्ष’ किंवा ‘तर्क-अनुमान’ नावाचा एक प्रश्नप्रकार असतो. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये त्याला सरसकट ‘सिलॉजिझम’ म्हणतात. वर दोन-तीन विधानं, खाली दोन-तीन निष्कर्ष, आणि कोणता निष्कर्ष निघतो ते सांगा. लहान वर्गांच्या शिष्यवृत्तीपासून याची तोंडओळख होते आणि मग पोलीस भरती, तलाठी भरती, बँका, एमपीएससीचा सी-सॅट, कुठेही गेलं तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही. आपल्यापैकी ज्यांनी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी दिली, त्यांनी तर तो स्वतः सोडवला आहे. तिथे २०० पैकी ८० प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न चुकणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची बुद्धी कमी नसते आणि तर्कही कच्चा नसतो. प्रश्नपत्रिकेतली मराठी आणि घरातली मराठी यांत फरक आहे, आणि तो त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. हे न सांगताच आपण त्यांच्या हातात ‘शॉर्ट ट्रिक’ देतो आणि मग ‘याला बुद्धिमत्ता जमत नाही’ असा शेरा मारून मोकळे होतो. माझ्या मते हा प्रश्नप्रकार आधी मराठीच्या तासाला शिकवायला हवा, मग फळ्यावरच्या वर्तुळांनी, आणि ट्रिक अगदी शेवटी.

विषय दोन-चार गुणांचा वाटेल, पण तेवढाच नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न आणि १०० गुण. एन.एम.एम.एस.मध्ये बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न, ९० मिनिटांत. ही एन.एम.एम.एस. मिळाली तर महिन्याला १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००, नववी ते बारावी चार वर्षं. एकूण ४८,००० रुपये. घनसावंगी, अंबड, मंठा या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. अशा घरातलं लेकरू गावात आजीजवळ राहून शिकणार की कोयता घेऊन फडावर जाणार, हे ठरताना या पैशाची गणना होते. गुणवत्ता यादीत एकेका गुणाने मागे-पुढे व्हायला होतं हे आपण दरवर्षी बघतो.

आता आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. जालन्याची मोसंबी, भौगोलिक मानांकन मिळालेली.

विधाने : सर्व मोसंब्या फळे आहेत. काही फळे आंबट आहेत.
निष्कर्ष : काही मोसंब्या आंबट आहेत.

ज्या मुलाच्या घरी बाग आहे तो क्षणात सांगतो, “निघतो सर. कच्ची मोसंबी आंबटच लागते.” त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तरी उत्तर चूक. कारण प्रश्न मोसंबी आंबट असते का हा नाहीच. या दोन वाक्यांवरून, आणि फक्त या दोन वाक्यांवरून, ते ठरतं का, एवढाच प्रश्न आहे. आंबट फळं कोणती ते वाक्यात सांगितलेलं नाही. ती सगळी चिंचा आणि कवठंही असू शकतील.

आता उलट बाजूचं बघा.

विधाने : सर्व बैल पुस्तके आहेत. सर्व पुस्तके ढग आहेत.
निष्कर्ष : सर्व बैल ढग आहेत.

वर्ग हसतो. “सर, बैल कुठं ढग असतो का?” आणि निष्कर्ष तर बरोबर निघतो. म्हणजे मुलाने आयुष्यात बघून, चाखून मिळवलेलं जे शहाणपण, ते पहिल्या प्रश्नात त्याला खड्ड्यात घालतं आणि दुसऱ्यात त्याची थट्टा करतं. ज्या मुलाला बागेचा गंध नाही, त्याला मोसंबीचा प्रश्न उलट सोपा जाईल. आपण एरवी मुलांना सांगतो की अनुभवातून शिका, परिसराशी जोडून शिका. परिसर अभ्यासाचं पुस्तक तर त्यासाठीच आहे. आणि या एका प्रश्नाला सांगतो, अनुभव दप्तरात ठेव, फक्त वाक्यं बघ. हा बदल मोठा आहे. तो मुलाला तोंडाने, स्पष्ट सांगावा लागतो.

याचा एक फार गाजलेला अभ्यास आहे. अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी असेच प्रश्न विचारले. उत्तरेकडे जिथे बर्फ असतो तिथली सर्व अस्वलं पांढरी असतात. अमुक ठिकाण उत्तरेला आहे आणि तिथे बर्फ आहे. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? शेतकऱ्यांचं म्हणणं साधारण असं पडलं की आम्ही काही तिकडे गेलो नाही, जे पाहिलं नाही त्याबद्दल कसं बोलावं, जो जाऊन आला असेल त्याला विचारा. मात्र ज्यांचं थोडंसंच का होईना शिक्षण झालं होतं, ते चटकन ‘पांढरी’ म्हणून मोकळे झाले. कुणी यावरून म्हणेल की अडाणी माणसाला तर्क येत नाही. मला तसं मुळीच वाटत नाही. न पाहिलेल्याबद्दल साक्ष देऊ नये, हा तर कोर्टातही पाळला जाणारा नियम. त्यांचा तर्क पक्का होता; ते फक्त या खेळाच्या पटावर बसलेले नव्हते. पटाचे नियम शाळा शिकवते. शाळेनेच ते शिकवले नाहीत, तर आपली मुलं त्या शेतकऱ्यांच्या जागी राहतात, आणि आपण त्यांना ‘ढ’ म्हणतो.

थोडं विषयांतर. आपल्याकडच्या न्यायदर्शनात अनुमान पाच पायऱ्यांत मांडतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. यातली तिसरी पायरी बघा. उदाहरण, तेही डोळ्यांनी पाहिलेलं, ओळखीचं. ते नसेल तर अनुमान लंगडं. ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलच्या मांडणीत ही पायरी नाही. तिथे वाक्यांचा सांगाडा बरोबर असला की झालं. आज परीक्षेत विचारतात ती ॲरिस्टॉटलची पद्धत. आपल्या मुलांची स्वाभाविक ओढ मात्र चुलीतल्या धुराकडे असते. मला ही ओढ आवडते. फक्त ‘हा पेपर त्या पद्धतीचा नाही’ एवढं त्यांना कळायला हवं.

आता मुख्य मुद्दा, भाषेचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक गुण इथेच सांडतात.

‘काही’ हा शब्द घ्या. सगळा वर्ग पास झाला आणि मुलगा घरी येऊन म्हणाला, “काही मुलं पास झाली,” तर आई विचारेल, “मग नापास कोण झालं?” घरातल्या मराठीत ‘काही’ म्हटलं की ‘सगळे नव्हेत’ हे त्यात आलंच. प्रश्नपत्रिकेत तसं नाही. तिथे ‘काही’ म्हणजे किमान एक. जास्तीत जास्त किती? सगळेसुद्धा चालतील. म्हणून ‘सर्व मुले पास झाली’ या विधानावरून ‘काही मुले पास झाली’ हा निष्कर्ष परीक्षेत बरोबर धरतात. मुलं तो हमखास चूक धरतात. “काही नाही सर, सगळीच झाली की!” असं म्हणणारं मूल मराठी उत्तम जाणतं, आणि म्हणूनच फसतं.

बरं, ‘काही’ची आपल्याकडे आणखी रूपं आहेत. ‘मी काही चोर नाही’, ‘तो काही येत नाही आज’. इथे ‘काही’चा संख्येशी संबंधच नाही, नुसता जोर आहे. ‘सगळी मुलं काही हुशार नसतात’ या वाक्यात ‘सगळी’ही आहे आणि ‘काही’ही आहे. पाचवीच्या मुलाला विचारा, किती मुलं हुशार? मजा येते. पण हीच मजा परीक्षेच्या खोलीत त्याच्या अंगावर येते.

याहून अवघड ‘सगळे… नाहीत’. ‘सगळी मुलं आली नाहीत.’ याचा अर्थ काय? थोडी आली, थोडी राहिली? की एकही आलं नाही? आपल्या शिक्षकखोलीत हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मत घ्या. बहुतेक जण पहिला अर्थ सांगतील, पण दुसरा सांगणारेही निघतील, आणि दोघेही मराठीच बोलतात. बोलताना आपण आवाजाने अर्थ ठरवतो. ‘सगळी’वर जोर दिला की एक, ‘आली नाहीत’वर दिला की दुसरा. कागदाला आवाज नसतो. हेच आपल्या म्हणीतही दिसतं. ‘चकाकतं ते सोनं नसतं’ असं आपण सर्रास म्हणतो. शब्दशः घेतलं तर चकाकणारी एकही वस्तू सोनं नाही, म्हणजे सराफाच्या दुकानातलं सगळं खोटं! ‘चकाकतं ते सगळंच सोनं नसतं’ म्हटलं की अर्थ जागेवर येतो. एका ‘च’ने केवढा फरक पडतो.

आणि ‘च’ व ‘फक्त’ यांचा तर स्वतंत्र तास घ्यायला हवा. ‘फक्त अनुदानित आणि शासकीय शाळेतलीच मुलं एन.एम.एम.एस.ला बसू शकतात.’ हे ऐकून पालक म्हणतात, “आमचा पोरगा झेडपीच्या शाळेत आहे, म्हणजे तो बसू शकतो.” तसं निघत नाही. वाक्याचा अर्थ एवढाच की जे बसतात ते सर्व या शाळांतले असतात. या शाळांतला प्रत्येक जण बसू शकतो असं ते म्हणत नाही. उत्पन्नाची साडेतीन लाखांची अट आहेच. ‘फक्त अ हेच ब आहेत’ म्हणजे ‘सर्व ब हे अ आहेत’. वाक्य उलटं फिरतं. हा एक नियम मुलांच्या अंगी मुरला की पुढच्या भरती परीक्षांतले बरेच प्रश्न आपोआप सुटतात. आणि जाहिराती व शासनाची पत्रकं वाचतानाही उपयोगी पडतो, हा वरचा फायदा.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की पहिले दोन-तीन तास वर्तुळ काढायचं नाही, पर्याय द्यायचे नाहीत. फक्त चार प्रकारची वाक्यं. सर्व अ हे ब आहेत. एकही अ हा ब नाही. काही अ हे ब आहेत. काही अ हे ब नाहीत. मुलं आपल्या बोलीतलं वाक्य आणतात आणि ते या चारपैकी कोणत्या साच्यात बसतं ते आपण मिळून ठरवतो. ‘आमच्या गल्लीत दारू न पिणारा माणूसच नाही’ असं एकाने आणलं तर गडबडू नका. हसणं आवरा आणि साचा शोधा. ‘सर्व’चा साचा निघतो. दोन नकार मिळून होकार होतो हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त चांगलं कळतं.

मग वर्तुळं. आपण त्यांना वेन आकृती म्हणतो. जॉन वेन यांचा लेख १८८० सालचा. पण एकात एक, एकाला छेदणारी, एकापासून लांब अशी जी वर्तुळं आपण फळ्यावर काढतो ती खरं तर त्याआधीच्या ऑयलर या गणितज्ञाची. एका राजकन्येला लिहिलेल्या पत्रांतून त्याने ती समजावली होती आणि ती पत्रं १७६८ पासून छापून आली. म्हणजे ही वर्तुळं मुळात शिकवण्यासाठीच जन्मली.

सुरुवात ओळखीच्या भूगोलाने करावी. मैदानात चुन्याने तीन वर्तुळं आखा : जांब समर्थ, त्याच्या बाहेर घनसावंगी तालुका, त्याच्या बाहेर जालना जिल्हा. जांबच्या वर्तुळात उभं राहिलेलं मूल आपोआप तालुक्यात आणि जिल्ह्यात उभं असतं. हे सांगावं लागत नाही, त्याच्या पायांना कळतं. आता विचारा, “जिल्ह्यातला प्रत्येक माणूस जांबचा का?” भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, परतूरची नावं ओरडत मुलं बाहेरच्या वर्तुळात पळतात. ‘सर्व अ हे ब’ यावरून ‘सर्व ब हे अ’ निघत नाही, हा नियम मी कधी फळ्यावर लिहीत नाही. तो मैदानावरच होऊन जातो.

पण वर्तुळांतही एक गफलत आहे, आणि ती मुलांची नाही, शिकवण्याच्या रीतीची आहे. बहुतेक गाईडमध्ये आणि व्हिडिओंत प्रत्येक प्रश्नाला एकच चित्र दिलेलं असतं. मोसंबीचंच बघा. फळांचं मोठं वर्तुळ, त्यात मोसंबीचं छोटं, आणि आंबटचं वर्तुळ असं काढलेलं की ते मोसंबीलाही छेदतं. चित्र बघून मूल म्हणतं, निष्कर्ष निघतो. दुसऱ्या गाईडमध्ये आंबटचं वर्तुळ मोसंबीपासून लांब. तिथे म्हणतं, नाही निघत. मग खरं कोणतं? दोन्ही चित्रं विधानांना धरूनच आहेत! विधानं पाळून जितकी चित्रं काढता येतील त्या सगळ्यांत निष्कर्ष टिकला, तरच तो ‘निघतो’. एका चित्रात जरी मोडला तरी गेला.

म्हणून मुलांना ‘चित्र काढा’ असं सांगू नये. ‘निष्कर्ष मोडणारं चित्र काढून दाखवा’ असं सांगावं. सांगण्यात एवढाच फरक, पण वर्गाचा नूर पालटतो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी पोरं अशा वेळी खडू मागतात, कारण आता काम मोडायचं आहे. कुणाला मोडणारं चित्र सापडलं की निष्कर्ष बाद. खूप खटपट करूनही कुणालाच सापडलं नाही की मग ‘का सापडत नाही?’ हा प्रश्न. तो प्रश्न म्हणजेच सिद्धता. पुढे नववी-दहावीच्या भूमितीत जी सिद्धता मुलं पाठ करतात, तिचं बी इथे पेरता येतं.

‘ॲलिस’ची गोष्ट लिहिणारे लुईस कॅरॉल हे ऑक्सफर्डला गणित शिकवत. त्यांनी १८८६ साली मुलांसाठी तर्काचा खेळच काढला होता. पुस्तकाबरोबर पट आणि सोंगट्या. आपल्याला छापील पट नको. पाटीवर वर्तुळं आणि मक्याचे, तुरीचे दाणे पुरतात. ‘इथे किमान एक आहे’ तिथे मक्याचा दाणा, ‘इथे कुणीच नाही’ तिथे तुरीचा. दाणा ठेवलेला नाही तिथे ‘माहीत नाही’. ही तिसरी अवस्था, माहीत नसण्याची, मुलांना सगळ्यात उशिरा कळते. मोठ्यांनाही.

आता ट्रिककडे येतो. मी ट्रिकच्या विरोधात आहे असं समजू नका. क्लासमध्ये एक ‘१००-५०’ची ट्रिक चालते, ती बऱ्याच जणांना माहीत असेल. ‘सर्व अ ब आहेत’ला अ वर १००, ब वर ५०. ‘काही अ ब आहेत’ला दोन्हींवर ५०. ‘एकही नाही’ला दोन्हींवर १००. ‘काही अ ब नाहीत’ला अ वर ५०, ब वर १००. दोन्ही विधानांत जो शब्द समान असेल त्याला निदान एकदा १०० मिळाले पाहिजेत, नाहीतर जोड निष्कर्ष नाही. आणि विधानात ५० असलेल्याला निष्कर्षात १०० मिळता कामा नयेत. ही ट्रिक खरी आहे. कुणा क्लासवाल्याची नाही, ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या तर्कशास्त्राचाच तो नियम आहे, वेष बदललेला. १०० म्हणजे ‘हे वाक्य त्या गटातल्या झाडून सगळ्यांबद्दल बोलतं’. ५० म्हणजे ‘सगळ्यांबद्दल बोलेलच असं नाही’. मोसंबीच्या प्रश्नात समान शब्द ‘फळे’. पहिल्या वाक्यात त्याला ५०, दुसऱ्यातही ५०. म्हणजे दोन्ही वाक्यं फळांच्या थोड्या-थोड्या भागाबद्दल बोलतात, आणि ते भाग एकमेकांना भेटतातच असं कुठे आहे? एवढं वाक्य बोलून दाखवलं की ट्रिक ट्रिक राहत नाही.

अडचण अर्धवट ट्रिकची आहे. ‘काही अधिक काही म्हणजे निष्कर्ष नाही’ हे मुलांच्या डोक्यात घोटून बसवलेलं असतं. मग असा प्रश्न येतो :

विधाने : काही शेततळी कोरड्या जागा आहेत. काही कोरड्या जागा खडकाळ आहेत.
निष्कर्ष : (१) काही शेततळी खडकाळ आहेत. (२) काही कोरड्या जागा शेततळी आहेत.

मूल ‘काही, काही’ बघतं आणि ‘एकही निष्कर्ष निघत नाही’ला गोल करून पुढे जातं. पहिला निघत नाही, खरंय. पण दुसरा तर एकट्या पहिल्या विधानातूनच निघतो, नुसतं वाक्य फिरवलं की झालं. ट्रिक चुकली नाही. ती दोन विधानं जोडून निघणाऱ्या निष्कर्षापुरती होती, हे कुणी सांगितलं नाही. कडवंचीच्या मुलाला, ज्याने उन्हाळ्यात कोरडं पडलेलं शेततळं स्वतः पाहिलंय, हे समजायला अर्धा मिनिट पुरे. पण त्याला विचार करायची परवानगीच आपण दिलेली नसते.

‘एकतर १ किंवा २’ हा पर्यायही असाच घोटाळ्याचा. ‘काही वह्या पिवळ्या आहेत’ आणि ‘एकही वही पिवळी नाही’ यातला एकही निष्कर्ष विधानांवरून स्वतंत्रपणे निघत नसेल, तरी दोन्हींपैकी एक खरा असणारच. तिसरी वाट नाही. मोठ्या वर्गांना हे सांगावं, पाचवीला गरज नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. सराव पेपर आपणच शाळाशाळांत काढतो, तेव्हा सुरुवात आपल्यापासून करू. इंग्रजी प्रश्नाचं भाषांतर करताना ‘सर्व अ हे ब नाहीत’ असं वाक्य चुकूनही लिहू नये. ‘एकही अ हा ब नाही’ किंवा ‘काही अ हे ब नाहीत’, जे म्हणायचं असेल ते लिहावं. प्रश्नाच्या डोक्यावर दोन सूचना छापाव्यात : ‘काही म्हणजे किमान एक’ आणि ‘विधाने व्यवहारात खोटी वाटली तरी खरी माना’. तसंच ‘सर्व’ म्हटलं की त्या गटात निदान एक जण आहे असं परीक्षेत गृहीत धरतात. आधुनिक तर्कशास्त्र हे मानत नाही, तिथे रिकाम्या गटाबद्दलही ‘सर्व’ म्हणता येतं. म्हणूनच पुढे कॉलेजात तर्कशास्त्र घेणारी मुलं पहिल्या महिन्यात गोंधळतात. परीक्षेपुरता संकेत कोणता, एवढं छापलं तर बिघडतं काय? खेळाचे नियम सांगून मग खेळायला लावणं, याला पेपर सोपा करणं म्हणत नाहीत.

पालकांसाठी थोडं वेगळं सांगतो. हे सगळं फक्त गोल काळे करण्यापुरतं नाही. जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. जूनच्या तोंडावर दुकानात उभं राहून आपण काय म्हणतो? चांगलं बियाणं महाग असतं, हे महाग आहे, म्हणजे हे चांगलं. जांबच्या वर्तुळात उभं राहून आलेलं लेकरू सांगेल की हे वाक्य उलटं फिरवलंय. गावातल्या फ्लेक्सवर दहा चेहरे असतात, ‘शिष्यवृत्तीधारक हे सर्व आमचेच विद्यार्थी’. असतील. त्यावरून त्या क्लासच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते हे निघत नाही. क्लासला शंभर बसत असतील, फ्लेक्सवर दहा आहेत. फी भरण्याआधी आतल्या वर्तुळाबरोबर बाहेरचं वर्तुळ केवढं आहे ते विचारा. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण भाताला लागू पडते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसं, गावं, जाती, बियाण्याच्या पिशव्या यांचं तसं नसतं. मोबाइलवर रोज ‘अमुक लोक सगळे असेच’ म्हणून जे येतं, त्याला चार साच्यांपैकी कोणता साचा खरा शोभतो, हे जेवताना मुलांना विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर ‘काही’ येईल, आणि कधी कधी एवढंही माहीत नसेल.

घरी सराव घ्यायचा तर पुस्तक लागत नाही. रोज एक प्रश्न, तोंडी. उत्तर बरोबर की चूक हे लगेच सांगू नका, “मोडून दाखव” म्हणा. आणि क्रम पाळा. आधी खरी, ओळखीची वाक्यं. मग मोसंबीसारखी, जिथे निष्कर्ष खरा असूनही निघत नाही. मग बैल आणि ढग. आणि शेवटी नुसते अ, ब, क. बरेच क्लास अ, ब, क पासूनच सुरू करतात. तिथे मूल घाबरतं, कारण धरायला काहीच नसतं.

जाता जाता एक प्रश्न देतो. उद्या वर्गात घ्या, शिक्षकखोलीतही घ्या.

विधाने : एकही एस.टी. रिकामी नाही. काही रिकाम्या गाड्या लाल आहेत.
निष्कर्ष : (१) काही लाल गाड्या एस.टी. नाहीत. (२) काही एस.टी. लाल नाहीत.

मुलं लगेच लालपरी आणि नव्या पांढऱ्या गाड्यांवर भांडायला लागतील. भांडू द्या पाच मिनिटं. मग पाट्या आणि दाणे काढायला सांगा. १००-५० वाल्यांनाही हात वर करू द्या, मात्र ‘लाल’ला विधानात किती मिळाले आणि निष्कर्षात किती हवेत, हे त्यांच्याकडून बोलून घ्या. उत्तर मी इथे लिहीत नाही. दोनपैकी एक निष्कर्ष मोडणारं चित्र निघतं. ते कोणत्या वर्गातल्या पोरांनी किती वेळात काढलं, ते मला नक्की कळवा.